मागच्याने पुढे यायचं नाही

"दाबलाय!" पिकअपच्या केबिनमधून बाबा ओरडले.

मागे जोडलेल्या ट्रेलरपाशी उकिडवा बसलेल्या धाकट्याने ब्रेक लाइटकडे पाहिलं. दिवा ढिम्म.

"नाही लागला."

"मग सकाळपासून काय अंडी उबवलीस?"

धाकट्याने वायरी पुन्हा चाचपल्या. गेला आठवडाभर हेच टोमणे चालले होते. त्याने या पिकअपचे ब्रेक नवे करून दिले आणि दुसऱ्याच दिवशी बाबांनी ती शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीत घातली. "दाबला, पण लागलाच नाही," एवढंच बाबा म्हणाले. भिंतीपलीकडे शेजारच्या आजी खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. त्या दिवशी फोन वाजला म्हणून आत गेल्या आणि वाचल्या. खुर्चीचा मात्र चुरा झाला.

धाकट्याने ब्रेक पुन्हा पुन्हा खोलले. काही सापडलं नाही. चूक सापडली असती तर निदान सुधारता तरी आली असती. आता तो शेजाऱ्यांच्या दारावरून मान खाली घालून जायचा. गॅरेजमध्ये कुणी "जरा ब्रेक बघ रे" म्हटलं, तरी तो दुसरंच काम काढून बसायचा. गॅरेज बाबांनी उभं केलेलं, नाव बाबांचं, आणि माती करणारा हा.

त्यात उद्या ताई घर हलवणार होती. नव्या नोकरीचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, रस्ता सगळा उताराचा. ट्रेलरवर तिचा संसार, केबिनमध्ये ती आणि तिची छोटी. आणि गाडी बाबा चालवणार, हे त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. "ह्याच्या भरवशावर एकदा तोंडघशी पडलोय, पुरे झालं."

मघाशी पाण्याचा तांब्या देताना ताईने हळूच विचारलं, "खरं सांग, उद्या छोटीला यात बसवू ना?"

"बसव," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

दिवे तपासायची रीत बाबांनीच घालून दिली होती. एकाने आत बसून दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. बोलावल्याशिवाय मागच्याने पुढे यायचं नाही, उगाच लुडबुड नको. धाकटा लहानपणापासून मागचाच. आज त्याला ते बरंच वाटत होतं. बाबांच्या नजरेला नजर द्यावी लागत नव्हती.

दुपारी त्याने एकट्यानेच पाहिलं होतं. सीट आणि ब्रेकचं पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडा अडकवला आणि मागे जाऊन बघितलं, तर दिवे लख्ख. तेवढ्यात बाबा घरातून आले.

"बाबा, एक चप्पल आतच राहिली!" ताई पायरीवरून हसली.

बाबांनी पायाकडे बघितलं आणि तेही हसले. "तुझ्या भावाने डोक्याला एवढा ताप दिलाय, पायात काय आहे तेही कळेना." चप्पल घालून ते धाकट्याकडे वळले. "काढ तो दांडा. उद्या गाडी दांडा चालवणार आहे का?"

धाकट्याने दांडा काढला, दिवे विझले. मांडीखाली हात घालून बाबांनी पाय आत घेतला, दार ओढलं, "दाबलाय" म्हणाले, पण दिवे काही पुन्हा लागले नाहीत.

"डावा इंडिकेटर?"

"लागला."

"उजवा?"

"लागला."

"टेल लाइट?"

"लागले."

"ब्रेक?"

"नाही."

पिकअपचे स्वतःचे ब्रेक लाइटही लागत नव्हते. म्हणजे दोष ट्रेलरच्या वायरीत नव्हता, पुढेच कुठेतरी होता. तरी त्याने सॉकेटच्या पिना घासल्या, अर्थिंगची तार खरवडून पुन्हा आवळली, फ्यूज बदलला. शेवटी बाबांनीच उतरून पुढे बोलावलं, तेव्हा त्याने पेडलवरचा स्विचच नवा बसवला. हाताने पेडल दाबलं, तर मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला. धाकट्याचा जीव भांड्यात पडला.

बाबा चढून बसले. एकदा, क्षणभर, दिवा लागला. मग पुन्हा काही नाही.

"कुणी आत बसलं की वायर कुठेतरी ताणली जातेय," धाकटा म्हणाला.

"कुणी नाही, मी बसलो की," बाबा आतून म्हणाले. "गाडी तुझ्यावरच गेलीय. बापाला बघितलं की दातखीळ."

ताई खुदकन हसली. धाकट्याला हसू आलं नाही. कान तापले. उद्या उतारावर मागून एखादं वाहन येईल, पुढची गाडी थांबतेय हे त्याला कळणारच नाही, आणि आत छोटी असेल. एक भिंत पाडून झाली होती. आणखी काय पाडायचं राहिलं होतं?

त्याने टेस्टर खाली ठेवला. हात पँटला पुसले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, न बोलावता, तो पुढे गेला.

"बाबा," केबिनच्या बंद दाराशी उभा राहून तो म्हणाला. मान खालीच होती. "मला नाही जमत. भिंतीची चूकही माझीच. ताईसाठी दुसरी गाडी बघू. मी यापुढे कुणाच्या ब्रेकला हात लावणार नाही."

दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बाबा काचेतून समोर बघत होते.

"रडगाणं नंतर गा," ते म्हणाले. आवाज मात्र मऊ होता. "आधी दिवा बघ. हे बघ, दाबलाय. चांगला जोर लावून दाबलाय."

धाकट्याने दार उघडलं.

ब्रेकच्या पेडलवर काहीच नव्हतं. त्याच्या शेजारी, चप्पल केव्हाच निसटलेला अनवाणी पाय बाबा सगळा जोर लावून रबरी चटईवर दाबत होते.