आधी चढणारे

"मावशी, तुम्ही मागे कशाला उभ्या? तुमचा नंबर माझ्याही पुढचा आहे. या, अशा इथे या."

विमानतळावरच्या रांगेतल्या एका फिरतीवाल्याने तिच्या मोबाइलवर एक नजर टाकून तिला पुढे घेतलं. ती संकोचतच पुढे झाली. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करण्यात तिचा जन्म गेला होता, आणि विमानात बसायची ही पहिलीच वेळ. फिरतीवाला औषधं विकायचा आणि सारखा उडायचा. अशा माणसाला कुणी नवखं भेटलं की गप्प बसवत नाही. त्याने लगेच शिकवणी सुरू केली.

"या विमानात खुर्च्यांना नंबर नसतात. आधी शिरेल तो हवं तिथे बसेल. पहिल्यांदा महागड्या तिकिटाची मंडळी. मग आधी चेक-इन व्हायचे जादा पैसे भरलेले, म्हणजे आपण. मग साधे. आणि सगळ्यात स्वस्तवाले शेवटी, उरल्यासुरल्या मधल्या खुर्च्यांत. तुमचं तिकीट स्वस्तातलंच आहे, पण जादा पैसे भरून वर उडी मारलीत. डोकं लावलंत हो."

"भाचीने केलं ते. मी तिला एवढंच म्हटलं, काय वाटेल ते कर, पण मला माझ्या मुलाशेजारची जागा मिळाली पाहिजे."

त्यासाठी तिने पोटाला चिमटा काढला होता. एरवी मुलगा भेटायचा तो समोर बसून, मधे टेबल, आणि वेळ संपली सांगायला कुणीतरी उभं. शेजारी बसणं असं कित्येक वर्षांत झालंच नव्हतं. आता त्याला पार देशाच्या दुसऱ्या टोकाला हलवत होते. तिथे जाणं तिच्या गुडघ्यांनाही झेपणार नव्हतं आणि पगारालाही. तो इकडे येईल ही आशा तिने केव्हाच सोडली होती. उरला होता तो हा विमानातला वेळ. त्याच्या खांद्याला खांदा लावून बसायचं, एवढंच तिला हवं होतं. ही तारीखसुद्धा त्याच्या तिथल्या एका भल्या माणसाने गुपचूप कळवली होती.

"मग कुठे आहेत चिरंजीव?"

ती उत्तर देणार एवढ्यात बाजूची दोरी निघाली. दोन दणकट माणसं आणि त्यांच्या मधे एक उंच माणूस, असे तिघं झपाझप दाराकडे गेले. अजून कुणालाच चढायला बोलावलं नव्हतं. तिला दिसली ती फक्त त्या मधल्याची पाठ आणि मानेवरचे पिकलेले केस. पोराचे केस पिकले, आणि ते आपल्याला असे पाठीमागून कळावेत, याचं तिला फार वाईट वाटलं.

महागड्या रांगेतला एक सूटवाला तणतणला. "आम्ही काय वेडे म्हणून एवढे पैसे मोजले?"

"ही मंडळी नेहमी सगळ्यांच्या आधीच चढतात, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि कागदात डोकं घालून बसली.

"याला म्हणतात वजन," फिरतीवाला कुजबुजला.

"तोच माझा मुलगा."

फिरतीवाल्याने तिला वरपासून खालपर्यंत नव्याने पाहिलं. "काय सांगता? आणि आईला रांगेत उभं केलं?"

"मी आलेय हे त्याला ठाऊक नाही."

"त्याचं तिकीट?"

"सरकार काढतं."

"आणि ते दोघं?"

"बरोबर असतातच. त्याला एकट्याला कुठे सोडत नाहीत."

"नशीब काढलंत, मावशी. आमचा दिवटा घरी बसून सोफा झिजवतोय." मग त्याला एक शंका आली. "पण एका बाजूला खुर्च्या तीनच असतात. ते तिघं एकाच ओळीत बसले, तर तुमचं काय?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि भाचीच्याही. "त्यांच्यातल्या एकाला म्हणेन, बाळा, थोडा वेळ उठ. म्हाताऱ्या बाईला नाही कशाला म्हणेल?"

"बिशाद आहे का त्याची? साहेबांच्या आई तुम्ही."

तिने मोबाइलवरचं तिकीट पुन्हा एकदा पाहून घेतलं.

रांग सुटली. आत शिरताच जो तो पुढच्या खुर्च्यांवर तुटून पडला. फिरतीवाल्याने खिडकी पटकावली आणि शेजारची खुर्ची थोपटली, पण ती थांबली नाही. रिकाम्या ओळींमागून रिकाम्या ओळी ओलांडत ती थेट शेवटपर्यंत गेली. संडासाला लागून असलेल्या अगदी मागच्या ओळीत तो मधल्या खुर्चीवर बसला होता, दोन्हीकडे ते दोघं.

"आई? तू इथे कशी?"

त्याच्याकडे पाहिलं तर रडू फुटेल म्हणून ती कडेच्या माणसाकडे वळली. "बाळा, एवढी जागा देतोस का मला? उतरेपर्यंतच."

तो माणूस उठला, पण जागा द्यायला नव्हे. वाट अडवून तो हळू आवाजात म्हणाला, "नाही जमायचं, मावशी. पुढे जाऊन बसा."

"मी बोलणारसुद्धा नाही. नुसती बसते."

त्याने खिडकीजवळच्याकडे पाहिलं. त्यानेही नकारार्थी मान हलवली. मागून लोक येऊ लागले होते, कुणीतरी पिशवीने तिला ढोसलं.

"जा, आई," मुलगा म्हणाला. "पुढे एखादी चांगली खिडकी बघ."

ती हलेना. तेव्हा तिच्या हाताला हात लावायला त्याने उजवा हात उचलला, तसा बेडीतला डावाही त्याच्याबरोबर वर आला.