अर्धी भिंत

मुंबईहून मंत्रालयाचा तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा लेखाधिकारी रुपाली खुर्ची सोडून खिडकीशी येरझाऱ्या घालत होती.

"मॅडम, सोमवारी नागपूरला अधिवेशन. पुरवणी मागण्या मांडायच्यात. पुरात गेलेल्या पुलांना पैसा हवाय. तुमच्या बजेटातलं जे खर्ची पडलं नाही, ते पाचच्या आत बचत म्हणून कळवा."

खर्ची न पडलेलं एकच होतं. विश्रांतवाडीच्या मुलींच्या वसतिगृहाची कुंपणभिंत. एप्रिलमध्ये मंजूर झाली, निविदा अडकली, पैसा तसाच राहिला. त्याच वसतिगृहाच्या गृहपाल मुक्ताई ढगे आज भिंतीचं विचारायला येऊन समोर बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता, सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"बचत?" त्या म्हणाल्या. "आम्ही कुठं काय वाचवलं? तुम्ही बांधलीच नाही."

रुपाली खुर्चीत येऊन बसली.

"परवा पुन्हा दोघं जण आवारात शिरले. पार खिडकीपर्यंत आले. गडचिरोलीकडच्या पोरी आहेत हो, इथं त्यांचं कुणी नाही. दाराला पलंग लावून आळीपाळीनं जागतात. जिचा पेपर असेल तिला तेवढं झोपू देतात."

रुपालीनं कागद ओढला, बचतीपुढं 'निरंक', म्हणजे शून्य, लिहिलं आणि उपसंचालक साळवेंच्या केबिनमध्ये शिरली. मुक्ताई न बोलावता मागोमाग गेल्या.

"निरंक?" साळवेंनी मान वर केली. "मग भिंतीच्या पैशाचं काय लोणचं घालायचंय?"

"साहेब, तो एकदा गेला की परत येत नाही."

"मार्चच्या पुरवणीत मागून घेऊ."

"नाही दिला तर?"

साळवेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पूल वाहून गेलेत, रुपाली. पलीकडच्या गावांत ॲम्ब्युलन्स जात नाही. तेही खोटं नाही ना?"

ते खोटं नव्हतं. बाहेर तिच्या टेबलावरचा फोन पुन्हा वाजायला लागला. वाजून वाजून थांबला. लगेच परत वाजला.

साळवेंनी पेन उचललं. 'निरंक' खोडून त्यांनी एक आकडा लिहिला. "अर्धा पैसा पुलांना. उरलेल्यात काम सुरू करा, निविदा मी आजच मोकळी करतो."

"अर्ध्या भिंतीचा काय उपयोग, साहेब?" रुपालीचा आवाज चढला. "शिरणारे काय बांधलेल्या बाजूनंच येणार आहेत?"

साळवेंनी तिच्याकडं पाहिलं नाही. सही करता करता ते म्हणाले, "ढगेबाई, कुठली बाजू आधी घ्यायची तेवढं सांगा."

मुक्ताईंनी पदर खांद्यावर सारखा केला. पुन्हा एकदा सारखा केला.

"मागची बांधा," त्या म्हणाल्या. "पुढं मी खाट टाकते माझी."