टेसाचा वास

वेंडेलने फुलाचा शेंडा बोटांत चुरडला, नाकाशी नेला आणि बाजूला थुंकला. नुसता ओल्या गवताचा वास. पिकलेला अननस नाही, आंबा नाही, मागाहून येणारी लिंबाची झणकही नाही.

"रोगच आहे," त्याची बायको मार्लीन म्हणाली. "फांदीला हात लावला की कटकन मोडतेय. अजून किती दिवस हुंगत बसणार आहेस?"

हरितगृहभर गांजाची खुरटी रोपं उभी होती. एरवी या दिवसांत ही जात माणसाच्या डोक्याच्याही वर जायची. पानं लांबट, बारीक बोटांची. फुलायला उशीर, पण एकदा फुलली की खालच्या रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा तिच्या गोड वासाने हळू व्हायच्या. तिच्या धुराने माणूस सुस्तावून पडत नसे; उठून भिंत रंगवायला घ्यायचा, नाहीतर बडबडत सुटायचा. वेंडेलची लेक तशीच होती, म्हणून त्याने जातीला तिचंच नाव दिलं होतं. टेसा.

लेक घाटातल्या वळणावर गाडीसकट गेली आणि वेंडेलने या जातीची काडीही कुणाला दिली नाही. गांजाच्या शेतीवर जगणाऱ्या या हंबोल्टच्या डोंगरात असं कुणी करत नाही. वणवा येतो, धाड पडते. म्हणून चांगल्या जातीचं कलम शेजाऱ्याकडे देऊन ठेवायचं, आपलं गेलं की त्याच्याकडून परत आणायचं. बियांतून तीच जात पुन्हा मिळत नाही. वेंडेलने स्वतः कितीतरी जणांची झाडं अशी वाचवली होती. फक्त टेसा द्यायची नाही, हा त्याचा हट्ट. आणि दर झाडानंतर कात्री औषधात बुडवायची असते, तेही तो टेसाच्या बाबतीत करत नसे. घरच्याच पोरीला कसलं औषध, म्हणायचा. त्या एका कात्रीने रोग कलमं काढायच्या आईझाडापासून शेवटच्या रोपापर्यंत पंगतीत वाढल्यासारखा वाढला होता.

पलीकडच्या टेकडीवरचा कर्टिस रोपं उपटून जाळायला मदतीला आला होता. पण तो दारातच उभा राहिला, हातातली टोपी चुरगळत.

"वेंडेल, एक सांगायचंय. हवं तर आधी चार शिव्या घालून घे."

"बोल की."

"टेसाला पुरलं त्या दिवशी तुम्ही सगळे चर्चमध्ये होतात. मी तुमच्या कुत्र्यांना खायला घालायला आलो होतो. एक कलम नेलं मी."

"कर्टिस!" मार्लीन ओरडली. "त्या दिवशी? लाज नाही वाटली तुला?"

"वाटली ना. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसलो. पण ती आहे अजून. ठणठणीत आहे. संध्याकाळपर्यंत आणून देतो."

एरवी वेंडेलने त्याचे दात घशात घातले असते. आता तो पालथ्या कुंडीवर बसला. त्याला कर्टिसची गळाभेट घ्यावीशी वाटत होती.

"वास?" त्याने विचारलं.

"तोच. माझी बायको म्हणते, घरात सारखं कुणीतरी अननस कापतंय."

मार्लीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मग थांबलास कशाला? जा, आत्ताच आण!"

वेंडेलने कुंड्यांकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हिरव्या, चिकट पंजांकडे.

"इथे नको," तो म्हणाला. "रोग मातीत मुरलाय, माझ्या हातांत मुरलाय."

"सगळं धुऊन काढू," मार्लीन म्हणाली. "माती नवी आणू, कात्र्या नव्या आणू."

"कात्री धुवायची होती तेव्हा धुतली नाही मी." तो कर्टिसकडे वळला. "विकताना नाव काय सांगतोस तिचं?"

कर्टिसने मान खाली घातली. "बीच पार्टी."

वेंडेल हसला की कण्हला ते कळलं नाही. त्याने जवळचं रोप मुळासकट उपटलं आणि ढिगावर टाकलं.

"तेच राहू दे," तो म्हणाला. "आणि मी तिला बघायला आलो, कितीही गयावया केली, तरी मला आत घेऊ नकोस."