मोहाखालची आग

गावकऱ्यांबरोबर पाला लोटता लोटता सोमारीच्या हातातला खराटा मोडला. समोरच्या टेकडीवरून वणवा उतरत होता, आणि तिच्या पाठीशी गावानं बारा वर्षं राखलेला बांबू होता. त्याच बांबूच्या जिवावर माणसं परमुलखात मजुरीला जायची थांबली होती.

हा वणवा तिचाच. वेचायला मोहाची पडलेली फुलं नीट दिसावीत म्हणून सकाळी तिनं झाडाखालचा पाला पेटवला होता, आई पेटवायची तसाच. वारा फिरला नि आग हाताबाहेर गेली. उन्हाळ्यात रानात काडेपेटी न्यायची नाही, ही शपथ ग्रामसभेत सगळ्यांना तिनंच घातली होती.

"आता लोटून भागत नाही," म्हातारा दसरू म्हणाला. "इकडून आपनच पाला जाळा लागते, म्हंजे वनव्याले खायाले काही उरत नाही. टेकडीवरून जळतं लाकूड आनाले वेळ नाही. काडी कोनापाशी हाये?"

सगळ्यांनी रिकामे हात दाखवले. गावानं शपथ पाळली होती.

सोमारीनं कनवटीची काडेपेटी काढून दसरूच्या हातावर ठेवली. तिच्याकडं न बघता त्यानं काडी ओढली.