सात नंबरची मशीन

खंडेनवमीच्या सकाळी गुलजार फिटरनं सात नंबरच्या मशीनला झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला. सूतगिरणी बंद पडून अकरा वर्षं झाली होती, पण पूजा काही चुकली नव्हती. आधी साठ-सत्तर कामगार यायचे. यंदा तो आणि गेटवरचा चौकीदार प्रेमानंद, दोघंच उरले होते.

या अकरा वर्षांत दर शुक्रवारी नमाज आटोपून गुलजार गिरणीत यायचा, सूत कातायच्या चात्यांना तेल द्यायचा, एकेक चाती हातानं फिरवून बघायचा. बिनपगारी. लोक वेडा म्हणायचे आणि त्यांचं काही फारसं चुकत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी मात्र गिरण्यांसाठी दिल्लीची नवी योजना पेपरात आली, गिरणीचं नाव यादीत आलं आणि गुलजार गावभर ताठ मानेनं हिंडला.

एवढ्यात फाटकातून ट्रक आत शिरला. आठ-दहा माणसं पाने-पकडी घेऊन उतरली.

“आले बे, प्रेमानंद! योजनेचे मेकॅनिक आले!”

त्यानं सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. “हिच्यापासून सुरू करा,” म्हणत सात नंबर दाखवली. इतक्या वर्षांनी चालवायची तर आधी खोलून साफ करावी लागणार, हे फिटरला कोणी सांगायला नको. माणसं खोलू लागली. तो कौतुकानं बघत राहिला.

मग त्यांनी चात्या उपटून पोत्यात फेकल्या.

“अरे हळू! वाकतीन ना!”

“भंगारात सरळ काय अन् वाकडं काय, चाचा,” त्यांचा मुकादम हसला.

गुलजारनं प्रेमानंदकडे पाहिलं. प्रेमानंदनं मान खाली घातली.

“योजना नव्या मशिनीलेच हाय, गुलजारभाई. जुन्या मोडल्या का मंग नवी गिरणी. तिकडं, महामार्गाजवळच्या टेक्स्टाइल पार्कात.”

“तुले ठाव होतं?”

“काल समजलं. तू हार घेऊन आला, मंग सांगाले जीभच नाही उचलली.”

“पार्कात काय हाय आता?”

“बोर्ड हाय.”

मुकादम खुशीत होता. “कोनं जपून ठेवल्या हो या मशिनी? बाकी गिरण्यात एकएक नट कापा लागते. इथं त नुसत्या हातानं सुटून राह्यले.”

तेलाचा डबा पहिल्याच वर्षी नालीत ओतायला हवा होता, असं गुलजारला वाटलं.

एक नट तेवढा हटेना. एकानं गॅसकटर पेटवला.

“थांब बे! कापू नको तिले!” गुलजार धावला. “त्याले उलटे आटे हायेत.”

त्यानं शेजारच्या माणसाच्या हातातला पाना घेतला, उलटा फिरवला. नट सुटला. मशीनचं डोकं खाली आलं, हारासकट.

मुकादम बघतच राहिला. “चाचा, अजून सतरा मशिनी हायेत. तुम्हीच दाखवा आमाले. दिवसाचा रोज देतो. उद्यापासून येता काय?”

गुलजारनं हात चिंधीला पुसले. अकरा वर्षांत या फाटकाच्या आत त्याला पहिल्यांदाच कोणी कामाला बोलावत होतं.

“येतो,” तो म्हणाला. “पहिल्या पाळीले.”