खाडी कोणाची

"थांबा! तुम्ही आमच्या पाण्यात आहात!" डावीकडून डब्लिनची गस्तबोट ओरडली.

"आमच्या!" उजवीकडून लंडनची ओरडली.

उना फॅरनने सुकाणूवरच्या बार्नीकाकाला खूण केली. त्याने बोट आणखी थोडी पुढे नेली, मग सावकाश इंजिन बंद केलं. फॉइलच्या खाडीच्या ऐन मध्यावर तीन बोटी एकमेकींना खेटून डुलू लागल्या.

ही खाडी आयर्लंडची की ब्रिटनची, हे शंभर वर्षांत ठरलेलं नव्हतं. ठरवायची कोणाला घाईही नव्हती. मग ब्रिटनने युरोपशी काडीमोड घेतला. नवरा-बायकोच्या भांडणात शेजाऱ्याच्या अंगणातून कुंपण जावं, तशी एक रेघ या पाण्यातून गेली. ती नेमकी कुठून गेली, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

म्हणून उनाने शहाणपणा केला होता. तिने दोन्ही सरकारांकडून कालवं काढायचे परवाने घेतले होते.

डब्लिनचा अधिकारी गार्वी बोटीवर चढला. त्याने दोन्ही कागद पाहिले. "उना, हा लंडनचा परवाना कशाला काढलास? म्हणजे पाणी त्यांचं, असं तू लिहूनच दिलंस की!"

लंडनचा अधिकारी पर्डी दुसऱ्या बाजूने चढला. त्याचंही अगदी हेच म्हणणं होतं, फक्त उलटं.

"बोट जप्त," गार्वी म्हणाला.

"जप्त तर आहेच," पर्डी म्हणाला, "पण ती आम्ही करणार."

 उनाचा नवरा वारला तेव्हा मागे एक बोट, दोन शाळकरी मुली आणि एक म्हातारा चुलता ठेवून गेला होता. त्यांतली बोटच काय ती कमावती होती. कालवांचा हंगाम मार्चमध्ये संपणार होता. जप्तीची सुनावणी मार्चमध्येच व्हायची, पण कुठल्या सालच्या, हे देवालाच ठाऊक.

"काय रे गार्वी, आई बरी आहे ना?" बार्नीकाकाने विचारलं. "तिला सांगितलंस का, की तू विधवेच्या बोटीवर चिखलाच्या बुटांनी चढतोस ते?"

"बार्नीकाका, तुम्ही मध्ये पडू नका. उना, जाळं खाली आहे ना? वर घे. पुरावा लागेल."

"जाळं नको साहेब," बार्नीकाका एकदम घाईने म्हणाला. "रिकामंच असेल. राहू दे ना खाली."

अधिकाऱ्याला नको म्हटलं की त्याला हवं होतं. इथे तर दोन होते. "वर घे!" दोघे एका सुरात म्हणाले.

उनाने दोर गुंडाळणाऱ्या विंचचा दांडा ओढला. दोर कुरकुरत वर येऊ लागला. तळ खरवडणारं लोखंडी जाळं पाण्याबाहेर आलं. त्यात चिखल होता, शेवाळ होतं, पन्नासेक कालवं होती. आणि मधोमध पिंपाएवढा एक गंजका लोखंडी गोळा होता. त्याला चारी बाजूंनी बोटभर शिंगं होती.

 या दोन्ही किनाऱ्यांवरच्या पोरांना बाराखडीआधी शिकवतात, की शिंगं दिसली की पळायचं.

"महायुद्धातला सुरुंग," पर्डी कुजबुजला.

तो आपल्या बोटीत उतरला. गार्वी आपल्या बोटीत उतरला. "आधी आपण" वगैरे झालं नाही. दोन्ही बोटी उलट्या सरकत चांगल्या पाच-सहाशे हात लांब गेल्या. उना दांडा धरून उभी राहिली. डोक्यावर गोळा हलके हलके झुलत होता. दांडा सुटला तर तो थेट बोटीवर आदळणार होता.

वायरलेस खरखरला.

"पर्डी, सुरुंग तुमच्या पाण्यात सापडलाय. कारवाई करा."

"आमच्या कुठे? मघाशी तुम्हीच म्हणालात, 'पाणी आमचं'."

"तो आमचा गैरसमज होता."

"आमचाही."

शंभर वर्षांत दोन्ही सरकारांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"साहेब," उना रडवेल्या आवाजात ओरडली, "पाणी ज्याचं असेल त्यानं या! बोट घ्या, कालवं घ्या, परवाने घ्या, पण या!"

"बाई, पाणीच आमचं नाही, तर बोट कशी जप्त करणार?" पर्डी वायरलेसवर म्हणाला. "तुमच्याविरुद्ध आमची तक्रारच नाही. तुम्ही जाऊ शकता. तिकडे. डब्लिनच्या बाजूला."

"आमची पण तक्रार नाही गं उना!" गार्वी घाईने म्हणाला. "पण इकडे येऊ नकोस हं. आम्ही त्यांच्या सुरुंगवाल्यांना कळवतो."

"आणि आम्ही त्यांच्या."

दोन्ही गस्तबोटी आपापल्या किनाऱ्याकडे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

उनाच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. तीन वाजता मुलींना शाळेतून कोण आणणार? "काका," ती ओठ न हलवता म्हणाली, "तुम्ही उडी मारा. मी धरून ठेवते."

बार्नीकाका सुकाणू सोडून शांतपणे चालत आला. शेजाऱ्याचं दार वाजवावं तशी त्याने गोळ्यावर दोनदा टकटक केली. उना किंचाळली.

"ओरडू नकोस पोरी. तुझ्या सासऱ्यानं बनवलाय तो. जुन्या बॉयलरचा. आम्ही पलीकडून लोणी चोरून आणायचो ना, तेव्हा जकातवाल्यांना पळवायला. आत नुसते दगड आहेत." त्याने एका शिंगावरचं शेवाळ अंगठ्याने पुसलं. "आता हळूच खाली सोड. इथं नको, जरा पलीकडं. उद्या तिकडं कालवं काढायचीत."