गाळलेला चीक

‘जंतूंविरुद्धचं महायुद्ध मानवजातीने जिंकलं आहे!’ असं आरोग्य केंद्राच्या दारावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. खाली खडूने लिहिलं होतं, ‘चीक गाळून आणावा. शेण दिसल्यास परत.’

अंबूबाईंनी तो घरीच फडक्याने गाळला होता. त्यांच्या नवऱ्याच्या, केरबांच्या, पायाची जखम चिघळली होती आणि जुन्या औषधांना जंतू आता भीक घालत नव्हते. नशीब, मोरी गाय नेमकी त्याच पहाटे व्याली. केंद्रातल्या मॅडमनी चीक बारीक भोकांच्या मण्यांनी भरलेल्या नळीत ओतला. जंतूंना मारणारे कण त्या भोकांत अडकले. त्यांचं केरबांसाठी इंजेक्शन झालं. उरलेला चीक खाली उतरला, तसाच पिवळा, तसाच दाट.

"न्या मावशी. खरवस झकास होईल."

पण वासराच्या तोंडचा घास आपण खायचा, हे अंबूबाईंना पटेना. त्यांनी तो सगळा वासरालाच पाजला. ते पोटभर प्यालं आणि दोन-तीन दिवसांत हगवण लागून गेलं. त्याच्या वाट्याचं बळ मण्यांतच राहिलं होतं.

इकडे केंद्रात केरबांचा ताप उतरला. डोळे उघडताच त्यांनी विचारलं, "काय झालं गं? कालवड का खोंड?"

"कालवड. कपाळावर चांद होता."

"होता?"

अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला. "केंद्रातून परत आणलेला चीक पाजला हो मी तिला. पोटभर पाजला."

केरबांचा सारा जन्म गुरांत गेलेला. त्यांनी आपल्या दंडातल्या सुईकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"घरी नेशील तेव्हा," ते म्हणाले, "रिक्षा पुढच्या दाराला लावायला सांग. गोठ्यावरून नको."